नवे बूट मुरवून मिळतील

माझे सासरे चौतीस वर्षं पोस्टमन होते. निवृत्त झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात त्यांनी घरातली घड्याळं जुळवली, सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, पंख्याची पाती पुसली, आणि मग खिडकीशी खुर्ची ओढून बसले ते बसलेच.

तेव्हा आमची ठकी पाच महिन्यांची होती. मी बुटांच्या कारखान्यात वरचं चामडं शिवायचे, ते काम बाळंतपणासाठी सोडलं होतं. नवरा लिफ्टदुरुस्तीवाला, सकाळी जायचा तो दिवेलागणीला यायचा. घरात मागे राहायची माझ्या जबाबदारीची दोन माणसं. एकीला अजून चालता येत नव्हतं आणि एकाला चालायला कारण उरलं नव्हतं.

"बाबा, जरा फिरून तरी या," मी म्हणायचे.

"कुणाकडे?"

"कुणाकडे नाही. असंच."

"असंच कसं जातात गं? हातात काही नसताना रस्त्यावरून चाललो की चोरासारखं वाटतं."

मी ठकीचे लंगोट वाळत घालायचे आणि बाबा खिडकीतून नव्या पोस्टमनची सायकल बघायचे. "फार घाईत असतो," एवढंच म्हणायचे. जेवण निम्म्यावर आलं होतं. सदरा खांद्यावरून उतरायला लागला होता.

आमच्या वरच्या मजल्यावर एक नर्स राहते. एका दुपारी ती जिना उतरून आली ती अनवाणी. बूट हातात, दोन्ही टाचांना फोड.

"वहिनी, पट्टी आहे का घरात? हे बूट नाहीत हो, पिसाळलेलं कुत्रं आहे. दोन्हीकडून चावलंय."

इस्पितळानं नियमच केला होता, सगळ्यांनी एकाच जातीचे पांढरे चामडी बूट घालायचे. मी पट्टी शोधेपर्यंत बाबांनी खुर्चीतून हात पुढे केला. बूट उलटा केला, टाचेत अंगठा दाबून पाहिला, नाक मुरडलं.

"नंबर किती?"

नर्स इकडेतिकडे बघायला लागली. "सात. मोठे आहेत माझे पाय. हसा तुम्हीपण."

"माझाही सातच. पुरुषाच्या मानानं बारके. टपालखात्यात मला सिंड्रेला म्हणायचे." बाबांनी दोन्ही बूट मांडीवर ठेवले. "चार दिवस राहू देत माझ्याकडे. नवा बूट मुरवावा लागतो. आम्हाला दर वर्षी नवा जोड मिळायचा. मुरवल्याशिवाय घातला की माणूस आठवडाभर लंगडा."

नर्सनं माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले.

पहिला दिवस घरातला. टाचेला आतून कोरडा साबण घासायचा, जाड मोजे घालायचे आणि घरातल्या घरात वावरायचं. दुसरा दिवस जिन्याचा. "पंजा सपाटीवर वाकत नाही, जिन्यावरच शिकतो," असं म्हणत बाबा तीन मजले सोळा वेळा चढले-उतरले. तिसरा दिवस रस्त्याचा. चौथ्या दिवशी बुटात कागदाचे बोळे भरून ते सावलीत ठेवून द्यायचे, काही करायचं नाही.

"काहीच नाही?" मी विचारलं.

"चामड्यालासुद्धा विचार करायला वेळ लागतो."

तर तिसऱ्या दिवशी बाबा नर्सचे पांढरेशुभ्र बूट घालून आपल्या जुन्या टपालाच्या वाटेनं निघाले. कोपऱ्यावरचा न्हावी दुकानातून ओरडला, "काय पोस्टमन, आता इंजेक्शनं देत हिंडता काय?"

"तुला लागेल तेव्हा सांग. मोठी सुई आणतो."

दोन तासांनी परत आले. कपाळावर घाम, गालांना रंग. आल्या आल्या म्हणाले, "काही खायला आहे का?" मी स्वयंपाकघरात जाऊन उगीचच भांडी आपटली, नाहीतर डोळ्यांतलं पाणी दिसलं असतं.

नर्स दहा तास उभी राहून आली आणि पायाला साधा ओरखडा नव्हता. दोन दिवसांनी तिच्या दोन मैत्रिणी आपापले जोड घेऊन दारात हजर. त्यातली एक पैशांचं पाकीट पुढे करून म्हणाली, "काका, फुकट नको. फुकटात काम केलं की माणूस विसरतो."

विचार माझ्या डोक्यात आला तो तिथेच. ठकी झोपली तेव्हा मी पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'नवे बूट मुरवून मिळतील', आणि कोपऱ्यावरच्या बूटवाल्याकडे घेऊन गेले. तो पोट धरून हसला.

"वहिनी, अख्खं जग जुन्याला पॉलिश मारून नवं म्हणून विकतं. तुम्ही नव्याचं जुनं करणार, आणि वर त्याचे पैसे घेणार?"

"बूट चावला की गिऱ्हाईक कुणाच्या नावानं बोटं मोडतं?"

तो हसायचा थांबला. खिळा त्यानंच ठोकला.

आमच्या घरात पायांचा मेळ बरा जमला होता. सात आणि आठ नंबर बाबांचे, आठला दोन मोजे घालून. नऊ आणि दहा नवऱ्याचे. पाच-सहा माझे. ते मी स्वयंपाक करता करता, ठकीला खांद्यावर थोपटत येरझाऱ्या घालता घालता मुरवायचे. मूल निजवताना आई किती मैल चालते ते मोजायला कुणी नव्हतं, पण त्याची किंमत मिळायला लागली. प्रत्येक गिऱ्हाइकाला धुतलेले वेगळे मोजे, प्रत्येक जोडाला दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी: कुणाचा, कितवा दिवस.

नवरा म्हणायचा, "लोकांना चालावं लागू नये म्हणून मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त करतोय, आणि माझे वडील लोकांसाठी भाड्यानं चालतात. एका घरात एवढा विरोध बरा नव्हे."

पाच महिन्यांत नर्सा झाल्या, पहारेकरी झाले, शाळेतले शिक्षक झाले. लग्नाला दोन दिवस उरलेला एक घाबरलेला नवरदेवसुद्धा येऊन गेला. कारखान्यातून बोलावणं आलं तेव्हा मी नाही म्हणाले. गरजच उरली नव्हती, उलट शेजारची रिकामी खोली आम्ही जोड ठेवायला भाड्यानं घेतली. बाबांचा सदरा पुन्हा खांद्यावर बसायला लागला. सकाळी दाढी करताना ते शीळ घालायचे, आणि ठकी रांगत जाऊन मोरीच्या दाराशी बसून ती ऐकायची.

मग चौकातल्या मोठ्या हॉटेलचा हेडवेटर आला. उंच, शांत, बोलताना मान किंचित पुढे झुकवणारा. त्यानं बारा जोड काळे बूट आणले. हे काम जमलं तर त्याच्या मालकाच्या तिन्ही हॉटेलांचं काम दर तीन महिन्यांनी आमचं. बाबांनी त्या रात्री तीन पोळ्या खाल्ल्या आणि झोपेपर्यंत आकडेमोड नाही, तर वाटा मोजल्या: कुठला रस्ता खडबडीत, कुठे चढ आहे, कुठे फरशी.

जोड दिले, आणि दहा दिवसांनी हेडवेटर परत आला. बाबा बाहेर होते. त्यानं पिशवीतून सहा डावे बूट काढले आणि जमिनीवर ओळीनं मांडले.

"रागावू नका वहिनी. मऊ आहेत, चावत नाहीत. पण हे बघा."

सहाही बुटांना करंगळीच्या जागी फुगवटा आला होता. सहाही टाचा बाहेरच्या बाजूनं झिजलेल्या.

"माझी पोरं डावीकडे कलून चालायला लागलीत. काल एकानं पाहुण्याच्या मांडीवर सूप ओतलं. दुसरे सहा जोड उत्तम आहेत, त्यांचं काही म्हणणं नाही. हे असेच होणार असतील तर पुढचं काम मला देता येणार नाही. पुढच्या शनिवारपर्यंत काय ते सांगा."

तो गेल्यावर मी नंबर पाहिले. सगळे सात आणि आठ.

चौतीस वर्षं बाबांच्या डाव्या खांद्यावर टपालाची पिशवी होती. मी वर जाऊन नर्सला विचारलं, तुमची चाल बदललीय का. ती हसायलाच लागली. "अय्या, म्हणजे खरंच? माझा नवरा म्हणतो, तू हल्ली पोस्टमनकाकांसारखी चालतेस. मला वाटलं चेष्टा करतोय!"

आम्ही लोकांना मऊ बूट देत होतो असं मला वाटत होतं. खरं तर आम्ही गावभर बाबांची चाल वाटत होतो.

आता हे त्यांना कसं सांगायचं? तुमचं चालणंच वाकडं आहे, तेव्हा आता नका चालू, असं? मला समोर ती खिडकीजवळची खुर्ची दिसली. मी नाही सांगितलं. हॉटेलकडून काही निरोप नाही म्हणाले. कारखान्यातल्या जुन्या मुकादमाकडून लाकडी साचे मागून आणले, आणि ठकी झोपली, बाबा बाहेर पडले, की मी ते डावे बूट वाफेवर धरून, साच्यावर चढवून, लाकडी हातोडीनं हळूहळू फुगवटा बसवायचे. ठकीची झोप मोडू नये म्हणून हातोडीला फडकं गुंडाळलेलं. पण शेजारच्या खोलीत बाबांचे नवे जोड तयार होतच होते, तसेच, डावीकडे फुगलेले. भांड्याला भोक पडलेलं आणि मी वरून पाणी ओतत होते.

चौथ्या दिवशी बाबांची लेस तुटली म्हणून ते अर्ध्या वाटेतून परत आले. मी साच्यावर वाकलेली. भोवती सहा बूट.

ते दारातच उभे राहिले. "सगळे डावेच?"

मी हातोडी खाली ठेवली.

"माझे?"

मी मान हलवली, आणि मग सगळं सांगितलं. हेडवेटर, सूप, शनिवार.

बाबांनी आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "सूनबाई," ते म्हणाले, "चौतीस वर्षं मी लोकांच्या दारात बऱ्यावाईट बातम्या नेऊन टाकल्या. नोकरी गेल्याची पत्रं दिली, माणूस गेल्याच्या तारा दिल्या. हा बिचारा रडेल म्हणून एकसुद्धा खिशात ठेवली नाही. आणि माझ्या घरात माझंच पत्र दडवलं?"

लेस न बदलता त्यांनी बूट काढले आणि खुर्चीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी दाढी नाही. शीळ नाही. ठकी मोरीच्या दाराशी जाऊन बसली आणि थोड्या वेळानं परत आली. चहा बाबांनी घेतला, पण कपाकडे न बघता.

"सांगून टाकायचं होतंस," रात्री नवरा म्हणाला.

"तू सांगितलं असतंस?"

त्यानं विचार केला. "नसतं."

त्यानंतरच्या सकाळी मी एका कागदावर हेडवेटरचं बोलणं लिहून काढलं. आठवेल तसं, शब्दाला शब्द, काहीही मऊ न करता. घडी घालून बाबांच्या हातात दिलं.

"हे तुमचं. आठवड्यापूर्वीच द्यायला हवं होतं. चुकले मी."

बाबांनी चष्मा लावला. एकदा वाचलं, मग पुन्हा वाचलं. "'कलून' म्हणाला तो?"

"हो."

"किती कलतो मी?"

"माझ्या कधी लक्षात आलं नाही, बाबा."

"म्हणजे तू बघितलंच नाहीस. घरातल्या माणसाकडे कोण बघतं? ऊठ. आता बघ."

आम्ही खाली अंगणात गेलो. अंगण म्हणजे इमारतीमागची सिमेंटची जागा. बाबांनी बादलीत पाय बुडवले आणि अनवाणी चालत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेले. ओली पावलं उमटली. उजवं पाऊल पूर्ण, पाचही बोटांसकट. डावं मात्र बाहेरच्या कडेची नुसती एक जाड रेघ, चंद्रकोरीसारखी.

बाबा वाकून बघत राहिले. "हा मी?"

"हो."

"पिशवी उतरलीच नाही म्हणायची अजून."

एवढं म्हणून ते पुन्हा बादलीकडे निघाले. पोस्टमन माणूस, पत्ता चुकीचा असेल तर योग्य पत्ता शोधायचा, एवढंच त्यांना ठाऊक. त्यांनी बटाट्यांची पिशवी मागवली आणि ती उजव्या खांद्यावर घेतली. पण पिशवी खांद्यावर आली की पाय आपोआप टपालाच्या वेगानं पडायला लागले, आणि तीच चंद्रकोर. सावकाश चालून पाहिलं, मोजत चालून पाहिलं. मी मागून सांगत होते, "डावा खांदा वर जातोय. आता टाच कललीय. नाही, अजून तसंच." बाबा "बरं" म्हणायचे, आणि पुन्हा पाय बुडवायचे. अंगण पावलांनी भरून गेलं. वरच्या गॅलरीतून नर्स बघत होती.

सतरंजीवर बसवलेली ठकी अखेर कंटाळून भोकाड पसरायला लागली. मी हलण्याआधी बाबांनी पिशवी टाकली, तिला उजव्या कडेवर घेतलं आणि "अगं अगं, कोण रागावलं आमच्यावर" करत बादलीत पाय बुडवून भिंतीकडे निघाले.

"बाबा! थांबा! हलू नका!"

"का? विंचू आहे?"

"खाली बघा."

दोन्ही पावलं पूर्ण. डावीकडे पाच बोटं, अगदी करंगळीच्या टिंबासकट. जेवढा दाब उजवीकडे, तेवढाच डावीकडे.

बाबा वळले आणि पुन्हा चालले. पुन्हा तेच. आम्ही दोघं त्या पावलांकडे अशी बघत होतो, जणू कुणी तिसराच माणूस येऊन चालून गेला.

"वजन किती हिचं?"

"साडेआठ किलो. बटाटे नऊ होते."

"वजनाचं नाही मग." बाबांनी ठकीला वर सारलं. ती त्यांच्या चष्म्याला लोंबकळली. "पिशवी पडली तर पत्रं मळतात. ही पडली तर... म्हणून पाऊल बघून टाकतोय. पिशवी घेऊन मी कधी खाली बघून चाललोच नाही. दारांवरचे नंबर बघत चाललो."

मी जाड कॅनव्हासची एक झोळी शिवली, ठकी बाबांच्या उजव्या बाजूला बसेल अशी. वरच्या नर्सनं बाबांची पाठ दाबून, गुडघे वाकवून तपासलं आणि हुकूम सोडला, "सलग एक तास. त्यावर एक मिनिट नाही." शनिवारपर्यंत आम्ही एकच जोड केला, हेडवेटरच्या स्वतःच्या मापाचा, सात नंबर.

तो जोड पोचवायला मी निघाले तर बाबा म्हणाले, "मी जातो. निकालही मीच ऐकतो."

मग आम्ही दोघं गेलो, ठकीसकट. हेडवेटरनं बूट घातले आणि पाळीला गेला. बाबा स्वयंपाकघराच्या मागच्या दाराशी एका उलट्या खोक्यावर बसले. हातांची बोटं एकमेकांत अडकवलेली. आत ताटल्या वाजत होत्या, कुणीतरी कुणावर ओरडत होतं. मी म्हटलं, घरी जाऊन येऊ का तोवर. त्यांनी मान हलवली. पाच तास बसले. एरवी माझ्या डोळ्यांसमोर यायची ती खुर्ची, त्या दिवशी मी बघत होते तो खोका. तसेच बसले होते, पण पाठ ताठ होती.

पाळी संपली. हेडवेटर बाहेर आला, भिंतीला टेकला, गळ्यातला बो सोडला.

"काय?" बाबांनी विचारलं.

"कशाचं काय?"

"बुटांचं!"

त्यानं खाली पाहिलं. "अरे हो," तो म्हणाला, "विसरलोच होतो."

मला एवढं पुरे होतं. पण बाबा उठले. "तोंडी नको. जरा या इकडे." भांडी धुणाऱ्याकडून त्यांनी ओलं फडकं मागितलं, हेडवेटरच्या बुटांच्या तळांवरून फिरवलं आणि त्याला लांब बोळातून चालायला लावलं. मग दोघंही, एक पोस्टमन आणि एक काळ्या कोटातला उंच माणूस, गुडघ्यांवर हात ठेवून लादीवरचे ठसे बघत वाकले.

"सरळ," हेडवेटर म्हणाला.

"सरळ," बाबा म्हणाले. "आधीच्या सहा जोडांचे उजवेही पाठवून द्या. नव्या पायांनी मुरवून देतो. पैसे घ्यायचे नाहीत."

"नव्या पायांनी?"

"पाय जुनेच. चाल नवी."

तिन्ही हॉटेलांचं काम आम्हाला मिळालं. एवढे जोड आमच्या घरच्या पायांना पेलेनात, म्हणून आता आणखी चौघं चालतात: एक निवृत्त ग्रंथपाल, दोन बहिणी, आणि चक्क तो न्हावी, दुकान बंद असतं त्या दिवशी. कामावर घेण्याआधी प्रत्येकाला बाबा अंगणातल्या बादलीत पाय बुडवायला लावतात. न्हावी दोनदा नापास झाला.

तक्रारी येतात. येणारच. आलेली चिठ्ठी मी वाचत नाही, घडी असेल तशी बाबांच्या हातात देते. परवा एक आली, एका शिक्षिकेची. बाबांनी चष्मा लावून वाचली आणि त्यांचे खांदे हलायला लागले. मी घाबरले.

"काय झालं? पुन्हा डावा?"

"उजवा," बाबा म्हणाले, आणि मोठ्यानं वाचलं, "'बूट उत्तम मुरले आहेत, तक्रार नाही. मात्र उजव्या बुटाच्या टोकात अर्धं चघळलेलं बिस्कीट निघालं. हे पद्धतीचाच भाग आहे का?'"

आम्ही दोघांनी शेजारच्या खोलीकडे पाहिलं. ठकी तिथे फळीला धरून उभी होती आणि उद्याच्या एका जोडात अत्यंत मन लावून काहीतरी कोंबत होती.

"काय उत्तर लिहू?" मी विचारलं.

"खरं ते लिही," बाबा म्हणाले. "कामगार नवीन आहे, शिकतोय. बिस्किटाचे पैसे लावलेले नाहीत."